करडा जोड

"ढकलून बघा मॅडम, नुसतं बोट लावा!" शिलाई कारखान्याच्या मालकाने स्वतःच पुढे होऊन मागच्या दाराला बोट लावलं, आणि दार हूं की चूं न करता उघडलं. "वारा बघा कसा येतो. आम्ही तर दिवसभर सताड उघडं ठेवतो. एवढ्या बायका काम करतात, त्यांना उकडायला नको."

निरीक्षकबाई वाकल्या. बिजागरीवर ताज्या तेलाचा ओघळ होता. कडीकोयंड्याखाली, कुलूप घासून घासून पडलेला काळपट डाग होता, पण कुलपाचा पत्ता नव्हता. शेजारी आग विझवायच्या लाल बादल्या ओळीने टांगलेल्या. त्यांतली वाळू इतकी कोरी, की मांजरानेसुद्धा अजून तिच्यात पाय घातला नसावा.

"छान आहे," बाई म्हणाल्या. दुसरं म्हणणार तरी काय? उघड्या दाराला दंड करायची सोय कायद्यात नाही.

"चहा सांगू?"

"नको."

"मागच्या खेपेलाही नकोच म्हणालात. आमच्या चहात विष असतं का हो?" मालक खोऽखो हसला. सुपरवायझरही हसला, कारण मालक हसला होता. बाई हसल्या नाहीत.

यंत्रांवर बायका माना खाली घालून बसल्या होत्या. खिडकीशी बटणवाली. तीच एका दुपारी तोंडाला रुमाल बांधून कामगार कार्यालयाचा जिना चढली होती. "मॅडम, मागचं दार कुलपात असतं. किल्ली सुपरवायझरच्या कमरेला. संडास त्या दारापलीकडं. जायचं तर त्याला विचारायचं, तो आधी घड्याळ बघणार, मग तोंड वाकडं करणार, मग उठणार. त्याचंही काही नाही हो, सोसतो आम्ही. पण पुढच्या दारात तयार मालाचे गठ्ठे छताला टेकलेत. उद्या एखादी वायर जळाली तर आम्ही निघायचं कुठनं?" बाईंनी तिला शब्द दिला होता: दार उघडेल, आणि तुमचं नाव माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही. आज तर पुढच्या दारातले गठ्ठेही गायब होते.

बटणवालीने एकदाच वर बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. 'वाटलंच होतं' एवढंच होतं. तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तरी बाईंना बरं वाटलं असतं.

जीपमध्ये बसल्यावर बाईंचं डोकं भणभणायला लागलं. अचानक तपासणीला जायचं तर 'अचानक' हा एकच शब्द जपायचा असतो, आणि तो बाईंनी नोकरीभर जिवापाड जपला होता. कुठे जायचं हे त्या साहेबांना सांगत नसत, कारकुनाला सांगत नसत. ड्रायव्हरलासुद्धा गाडी निघाल्यावर नुसतं "डावीकडे घ्या, आता उजवीकडे," असंच सांगायच्या. तरी या कारखान्यात हे दुसऱ्यांदा झालं होतं. त्या पोचायच्या आधी त्यांची बातमी पोचत होती.

ड्रायव्हरकाका जुने. बाईंच्या पाठीला त्रास होतो म्हणून सीटवर घरची उशी आणून ठेवणारे. पण संशय एकदा डोक्यात शिरला की उशीसुद्धा वेगळीच दिसायला लागते. हे डावीकडच्या वळणावर ओळखत असतील? पानाच्या टपरीशी थांबतात तेव्हा कुणाला फोन करतात?

"काका, तुम्ही मघाशी कुणाशी बोलत होतात?"

"सुनेशी. नातवाला ताप आहे." काकांनी आरशातून बघितलं. माणूस साधा होता, मूर्ख नव्हता. "का मॅडम? माझ्यावर आलं वाटतं?"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या, आणि तेच उत्तर झालं. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरा ड्रायव्हर मागून घेतला. काका खात्याच्या भांडारातल्या टेंपोवर गेले. किल्ली टेबलावर ठेवली, उशी काखेत मारली आणि चालू पडले.

घरी दोनच माणसं. बाई आणि त्यांचा मोठा भाऊ. आईवडील एकामागोमाग गेले तेव्हा बाई शाळेत होत्या आणि दादाला नुकती मिसरूड फुटली होती. त्याने शाळा सोडली आणि एका लाँड्रीच्या इस्त्रीखोलीत उभा राहिला. तिथला मालक पोरं पळू नयेत म्हणून बाहेरून कडी घालायचा. एक दिवस इस्त्रीची वायर जळाली, खोली धुराने भरली, आणि पोरांनी खिडकीचे गज वाकवून जीव वाचवला. दादाच्या उजव्या दंडावर त्या गजाची खूण अजून आहे. हे त्याने धाकटीला एकदाच सांगितलं. ती मात्र ते गाठीला बांधून मोठी झाली. पुढे दादाने स्वतःची इस्त्रीची टपरी टाकली, परक्यांच्या कपड्यांना घड्या घालून बहिणीला शिकवलं, आणि त्या गडबडीत त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "झाली ना एवढी साहेबीण माझ्या घरात, आणखी एक आणून मी कुठं पळू?"

आता गुडघे धरले म्हणून टपरी बंद होती, पण हात स्वस्थ बसायला तयार नव्हता. रोज संध्याकाळी तो बहिणीचे उद्याचे कपडे इस्त्री करी. ही त्याची पूजा म्हणा, करमणूक म्हणा. आणि या कपड्यांना एक हिशोब होता. फाउंड्रीत ठिणग्या उडतात, म्हणून तिथे जाड खाकी शर्टपँट. रंगाच्या कारखान्यात डाग पडतात, म्हणून तिथे जुना विटलेला तपकिरी जोड. शिलाई कारखान्यात हवेत तंतू तरंगतात आणि खरबरीत कापडाला जळवांसारखे चिकटतात, म्हणून तिथे गुळगुळीत करडा जोड. कोर्टकचेरीला निळा. बाई फक्त रंग सांगायच्या आणि दादा ओळखायचा.

"उद्या काय काढू, धाकटे?"

"करडा."

"शिलाईवाले! गेला बिचारा उद्या कुणीतरी कामातनं."

"तुला काय करायचंय रे?"

"म्हणजे शिलाईवालेच!" तो टाळी वाजवायचा. बाई हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. वर्षानुवर्षं हा त्यांचा खेळ होता. दिवसभर कुणी धड बोलत नाही अशी नोकरी असली की घरी एवढा तरी खेळ लागतोच. मग दादा इस्त्री उभी करून ठेवायचा आणि पाय मोकळे करायला बागेकडे जायचा. तिथे बाकावर त्याची चार मित्रमंडळी जमत.

पुढे कोर्टाची तारीख आली. एका वेगळ्याच खटल्यात बाईंची साक्ष होती. कार्यालयाच्या फळ्यावर ते खडूने ठळक लिहिलं होतं, साहेबांना ठाऊक होतं, नव्या ड्रायव्हरला ठाऊक होतं. नेमकी निळ्या जोडाच्या खिशावर शाई सांडलेली. म्हणून बाई आदल्या संध्याकाळी म्हणाल्या, "करडाच कर उद्या." दादाने टाळी वाजवली. बाई थकल्या होत्या, खुलासा करत बसल्या नाहीत.

कोर्टात दिवसभर बाक झिजवून त्या कार्यालयात परतल्या, तर जिन्यात बटणवाली उभी. रुमालातून नुसते डोळे दिसत होते, पण ते डोळे आज चांगलेच तापलेले होते.

"मॅडम, आज का नाही आलात?"

"कुठे?"

"कुठं काय विचारता? आमच्याकडं! सकाळीच सुपरवायझरनं कुलूप काढलं, गठ्ठे हलवले, बादल्या टांगल्या. म्हणाला, आज इन्स्पेक्टर येणारे, विचारलं तर दार कायम उघडं असतं म्हणायचं. मी म्हटलं, आज मॅडम आल्या की मी उठून सगळ्यांसमोर सांगणार. नोकरी गेली चुलीत. वाट बघून बघून डोळे फुटले माझे. दुपारी परत कुलूप घातलं त्यानं."

"पण मी आज येणारच नव्हते. मी कोर्टात होते."

"मग त्यांना कुणी सांगितलं तुम्ही येणार म्हणून?"

खरंच, कुणी सांगितलं? आजच्या दिवशी बाई शिलाई कारखान्यात जातील असं जगात कुणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. साहेबांच्या नाही, कारकुनाच्या नाही, ड्रायव्हरच्या नाही. बाईंच्या स्वतःच्याही नाही. घाम पुसायला त्यांनी हात मानेकडे नेला. बोटांना कॉलर लागली. कडक, सुरेख इस्त्रीची, गुळगुळीत करडी कॉलर.

बाई जिन्याच्या पायरीवरच बसल्या.

"काय झालं मॅडम? पाणी आणू?"

"नको. तुम्ही जा. आणि उठून वगैरे काही बोलू नका. मी येईन."

"येईन म्हणता, नक्की?"

"नक्की."

घरी जाईपर्यंत बाईंनी मनातल्या मनात दादाची किती वकिली केली! टपरीत कपडे देताना चुकून बोलला असेल. टपरी बंद झाली की. शेजाऱ्यांनी दोरीवर बघितला असेल. बघितला तरी शेजाऱ्यांना काय कळणार? प्रत्येक वेळी त्या दादाला सोडवत होत्या आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा त्याच जागी येऊन उभा राहत होता.

"उशीर झाला आज?" दादाने दार उघडलं. "पाणी तापवलंय. उद्या काय काढू?"

बाईंनी चपला काढायला वेळ लावला. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खाकी."

"फाउंड्री!"

"हो."

टाळीसाठी उचललेले दादाचे हात तसेच राहिले. "हो? आज चक्क हो म्हणालीस? मग मजा काय राहिली गं खेळात?" तो हसला, खाकीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला लागला. बाही, कॉलर, खिशाची झडप. एवढी माया त्या हाताला, की बघवेना.

मग त्याने काठी घेतली. "येतो जरा पाय मोकळे करून."

मागोमाग जाऊन बघता आलं असतं. बाई गेल्या नाहीत. खिडकीतून तो कोपऱ्यावर वळलेला दिसला, तेवढंच. त्यांनी जन्मभर लोकांच्या दारात न सांगता जाऊन उभं राहायचं काम केलं होतं, पण स्वतःच्या भावाच्या मागे चार पावलं टाकायला त्यांचे पाय उचलेनात. परीक्षा उद्या होणारच होती. शिलाईवाल्यांचं दार उघडं असलं, तर बातमी फोडणारा दुसराच कुणी, दादा सुटला. दार बंद असलं, तर... त्यापुढे त्यांनी विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी नव्या ड्रायव्हरला त्या "डावीकडे, उजवीकडे" करत फाउंड्रीच्या रस्त्याने घेऊन गेल्या आणि ऐन चौकात म्हणाल्या, "मागे वळवा." शिलाई कारखान्याच्या फाटकात पहारेकरी उठून उभाच राहिला. आत कुणाची धांदल नव्हती, कुणी स्वागताला आलं नाही. बाईंना सरळ मागच्या दाराकडे धावावं असं वाटत होतं. पण ते करायचं नसतं. निरीक्षक आल्या आल्या नेमक्या जागी गेला, की आतल्या कुणीतरी चुगली केली हे मालकाला कळतं, आणि मग त्या कुणीतरीची धडगत नसते. म्हणून बाईंनी नेहमीसारखं पुढून सुरू केलं. पिण्याचं पाणी बघितलं. दिव्यांच्या वायरी बघितल्या. पुढच्या दारातले गठ्ठे बघितले. यंत्रांच्या रांगांमधून एकेक पाऊल टाकत त्या मागे चालल्या. हवेतले तंतू खाकीवर बसत होते.

सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेली बाई त्या दिवशी मनात म्हणत होती: देवा, दार उघडं असू दे. या मालकाला सुटू दे हवं तर, लबाड तर लबाड, पण तेवढं दार उघडं असू दे.

कडीला हे एवढं पितळी कुलूप लटकत होतं.

बाईंनी ते हातात धरलं. गार होतं. धावत आलेला मालक मागे येऊन थांबला, त्याने बाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि खाकी शर्टावर त्याची नजर अडकली. "मॅडम, तुम्ही... पण आज तर तुम्ही..."

"आज तर मी काय?"

मालकाने ओठ आवळले.

बाईंनी किल्ली मागवली, यंत्रं थांबवली, पंचनामा केला, कुलूप पिशवीत घालून सील केलं, मालकाची सही घेतली. गठ्ठे हलेपर्यंत काम बंद. आवाज चढला नाही. अशी चोख तपासणी त्यांच्याकडून कित्येक वर्षांत झाली नव्हती. दार उघडलं तशा बायका एकमेकींना ढकलत, चक्क हसत बाहेर पडल्या. बटणवाली बाईंच्या अगदी जवळून गेली. तिने बघितलं नाही, ठरल्याप्रमाणे. पण बाहेर उन्हात पोचल्यावर तिने तोंडावरचा रुमाल सोडून जो मोठा श्वास घेतला, तो बाईंनी बघितला. तेवढं एक चांगलं झालं त्या दिवशी.

परतताना त्यांनी भांडारापाशी गाडी थांबवली. ड्रायव्हरकाका टेंपोच्या सावलीत डबा खात होते.

"काका, माझं चुकलं. परत या गाडीवर."

काकांनी घास संपवला. "नातू बरा आहे आता," ते म्हणाले. बाईंनी विचारलं नव्हतं, विचारायला हवं होतं. "नको मॅडम. तुमच्यावर राग नाही. पण आता तुम्ही मागं बसलात की माझी नजर रस्त्यावर राहायची नाही, आरशात जाईल. इथंच बरा आहे मी."

घरी दादाने दार उघडलं. सवयीने त्याचा हात बहिणीच्या खांद्याकडे गेला. कपड्यावरचा कचरा त्याला सहन होत नसे. त्याने शर्टावरून एक लाल तंतू उचलला, मग बाहीवरून एक पांढरा. तिसरा उचलता उचलता हात थांबला. चिमटीतल्या धाग्याकडे तो बघत राहिला.

"हे फाउंड्रीतलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"शिलाईवाल्यांकडं गेली होतीस."

"हो. कुलूप होतं."

दादा मागे सरकत सरकत खुर्चीवर बसला. कपड्यावरून ओळखायचा खेळ तो कधी हरला नव्हता, आजही हरला नाही.

"काय घेतलंस रे त्या मालकाकडून?"

"धाकटे! चहासुद्धा नाही गं घेतला कधी. तुझ्या गळ्याशपथ."

"मग कशासाठी?"

दादा गुडघे चोळत राहिला. "तो बागेत येतो. जुनं गिऱ्हाईक. मला उस्ताद म्हणतो. एवढा मोठा कारखानदार, पण मी आलो की सरकून जागा देतो. जन्मभर लोकांच्या दाराबाहेर उभं राहून कपडे दिले मी, आत या असं कुणी म्हणालं नाही. एकदा त्यानं विचारलं, उस्ताद, उद्या साहेबीण कुणाकडं? मी म्हटलं, ओळखा, करडा जोड आहे. सगळे हसले. मग रोजचंच झालं. खेळच होता तो."

"तो आपला खेळ होता, दादा. आपला."

"आणि बिघडलं काय? तू जायचीस तेव्हा दार उघडं असायचंच ना? तुझं काम झालंच की!"

"मी असेपर्यंत उघडं. मी जीपमध्ये बसले की परत कुलूप. आत बायका." बाईंचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुझा दंड बघ, दादा. बाही वर कर आणि बघ. ती बाहेरून लावलेली कडी ऐकून मी ही नोकरी धरली. साहेब विकले गेले असते, सगळं खातं विकलं गेलं असतं तरी मी रडले नसते. त्या बिचाऱ्या काकांना मी चोर ठरवलं, आणि चोर माझ्या घरात माझी कॉलर इस्त्री करत होता!"

दादाने बाही वर केली नाही. त्याने डावा हात नुसता दंडावर ठेवला आणि तसाच धरून बसला. बाई आत गेल्या, खाकी जोड स्वतः धुतला, पिळला आणि दोरीवर टाकला. जेवण झाकलेलंच राहिलं. त्या संध्याकाळी दादा बागेकडे गेला नाही.

सकाळी बाई उठल्या तेव्हा इस्त्री तापत होती. टेबलावर चादर अंथरलेली, पाण्याची वाटी भरलेली. दादा आंघोळ करून, अंगात स्वच्छ सदरा घालून उभा होता. त्याने बहिणीकडे बघितलं नाही. "काय काढू?" एवढंच विचारलं. ओळखायचं नाही, टाळी वाजवायची नाही, याचा सगळा शब्द त्या दोन शब्दांत त्याने देऊन टाकला होता.

बाई त्याच्या बाजूने गॅलरीत गेल्या. दोरीवरून खाकी काढला आणि तसाच अंगात घातला. बाह्या चुरगळलेल्या, कॉलरचं एक टोक वर आलेलं. पिशवी खांद्याला लावून त्या बाहेर पडल्या.

दादा दारापर्यंत आला. तिच्या पाठीवर दोरीची आडवी घडी पडली होती, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. एवढ्या वर्षांत धाकटी पहिल्यांदाच अशी घराबाहेर पडत होती. हाक मारायला त्याने तोंड उघडलं. पण कुठे जातेस असं विचारायची सोय आता त्याला राहिली नव्हती. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो उभा राहिला, मग आत गेला आणि तापलेल्या इस्त्रीचं बटण बंद केलं.